जोतिबाची चढण, ऑक्सिमीटरवर ९७, मग दम कशाचा लागला?

शुक्रवारकर | रविवार, रात्री ९.१५

मंडळी, प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

आज सकाळी पोराला घेऊन गायमुखाकडून पायवाटेनं जोतिबाला गेलो. माझं वय ४८, वजन ८४, आणि धंदा दिवसभर खुर्चीत बसून लोकांची जीएसटी रिटर्न भरायचा. शेवटच्या चढाला तोंड उघडं, भाता सुरू, बोलायला गेलो तर शब्दाऐवजी नुसती हवा. शेवटी एका दगडावर बसलो. पोरगं आठवीत आहे. त्यानं सॅकमधून कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर काढला आणि माझ्या बोटाला लावला. (घरातून निघतानाच गुपचूप घेतला होता, म्हणजे बापावर केवढा विश्वास बघा.) ऑक्सिजन ९७, नाडी १५२.

पोरगं म्हणालं, "पप्पा, ऑक्सिजन तर फुल्ल आहे, मग तुम्ही असं का करताय?"

खाली उतरेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. दम लागतो म्हणजे ऑक्सिजन कमी पडतो असंच मी आजवर धरून चाललो होतो. तो कमी पडला नसेल तर कमी पडलं काय? आणि रोज चढलो तर फुप्फुसं मोठी होतात का? जाणकारांनी सांगावं.

कट_जादा | रात्री ९.२२

सेल बदला.

शुक्रवारकर | रात्री ९.२४

बदलले. पोराचा ९८, माझा ९७. मशीन चोख आहे.

जुना_लंगोट | रात्री ९.४०

दम म्हंजे पुस्तकातली गोष्ट न्हवं गड्या, मातीतली हाय. आमच्या येळंला वस्ताद पहाटं साडेतीनला उठवायचा. जोर, बैठका, मग माती उकरायची, मग लढत. पयल्या म्हैन्यात पाच मिनटात जीभ भाईर. वस्ताद काठी घिऊन हुबा. म्हणायचा, "घेतोस कशाला नुसता? सोड आदी!" श्वास सोडायला शिकवायचा, घ्यायला न्हाई. पोटात धरून ठेवला की गडी फुगतो आन् चीत हुतो. वरीसभरानं त्योच गडी अर्धा तास लढायचा, नाकानं श्वास घेत. छाती दोन इंच वाढायची, टेपनं मोजलेली हाय. फुप्फुस वाढल्याबिगर का?

भूलवाली | रात्री १०.०५

शुक्रवारकर, प्रश्न बावळट नाही. एमबीबीएसच्या तोंडी परीक्षेत यावर भलेभले गडबडतात.

मी भूलतज्ज्ञ आहे. दुसऱ्याचा श्वास काढून घ्यायचा, दोन तास आपण चालवायचा आणि परत करायचा, हा माझा रोजचा उद्योग. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेंदूच्या देठात, मानेच्या वरच्या टोकाला, श्वासाचं नियंत्रण करणारी जागा आहे. ती ऑक्सिजनकडे फारसं बघतच नाही. ती बघते कार्बन डायऑक्साइड, नेमकं सांगायचं तर त्यानं वाढणारी आम्लता. हाल्डेन आणि प्रीस्टली या दोघा शास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच हे दाखवून दिलं. ऑक्सिजनवर नजर ठेवणारे पहारेकरी वेगळे. ते मानेतल्या मोठ्या धमन्या जिथं दुभंगतात तिथं बसलेले असतात, पण ऑक्सिजन चांगलाच खाली गेल्याशिवाय ते आरडाओरडा करत नाहीत.

चढताना तुमच्या मांड्यांत जाळ पेटतो. त्याचा धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो साठू नये म्हणून भाता जोरात चालवायचा. यातली गंमत अशी की बेताच्या चढावर हा वायू रक्तात वाढतच नाही. मेंदू पायांना "चल" म्हणतो तेव्हाच श्वासालाही सांगून टाकतो. पहिल्या दोन-चार पावलांतच श्वास वाढलेला असतो, धूर यायच्या आधी धुराडं उघडावं तसा. पण चढ अंगावर यायला लागला की मांड्या शक्ती काढायची दुसरी, घाईची वाट धरतात. त्यातून आम्लता वाढते. मेंदूला ती खपत नाही, तो आणखी जोरात भाता मारायला लावतो. तुम्ही दगडावर बसलात ते तिथं. बसल्या जागी मिनिटाला पाच-सहा लिटर हवा आतबाहेर होते, तुमची त्या वेळी ७०-८० लिटर होत असेल. एवढी हवा हलवायला छातीचे स्नायू राबतात आणि ते राबणं आपल्याला जाणवतं. त्या जाणवण्यालाच आपण दम म्हणतो.

आता ९७ का? फुप्फुसातल्या केशवाहिनीतून तांबडी पेशी साधारण पाऊण सेकंदात पार होते. ऑक्सिजन भरून घ्यायला तिला पाव सेकंद पुरतो. तुम्ही पळालात, रक्त जोरात धावायला लागलं, वेळ निम्म्यावर आला, तरी भरणा पूर्ण होतो. केएमटीची बस स्टॉपवर जेमतेम थांबली तरी पॅसेंजर चढून होतात, तसं. धडधाकट माणसात फुप्फुस ही कमी पडणारी वस्तूच नाही. कमी पडतं ते हृदयाचं पंपिंग आणि मांड्यांची ऑक्सिजन वापरायची ताकद. बसल्या जागी हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलतं, तयारीचा तरुण पैलवान वीस-पंचवीस लिटर ढकलेल. तुमचं नि माझं तेवढं नाही.

म्हणून जुना_लंगोट यांना नमस्कार करून सांगते, छाती वाढली ती स्नायूंची आणि फासळ्यांच्या लवचीकपणाची. मोठ्या माणसाचं फुप्फुस व्यायामानं फारसं वाढत नाही. वाढतं हृदय, मांड्यांच्या पेशींतल्या भट्ट्या वाढतात, श्वासाचे स्नायू तयार होतात. वस्तादांचं "सोड आधी" मात्र शंभर टक्के बरोबर. फुप्फुस कधीच पूर्ण रिकामं होत नाही, जोर लावून सोडलं तरी लिटर-सव्वा लिटर हवा आत उरतेच. अर्धवट सोडत वरचेवर घेत राहिलं की छाती फुगलेलीच राहते, आणि फुगलेल्या छातीत आणखी हवा ओढणं फार कष्टाचं.

शुक्रवारकर, एक विचारते. छातीत आवळल्यासारखं, डावा हात किंवा जबडा दुखणं, रात्री उताणं झोपल्यावर दम, पायाला सूज, यातलं काही?

शुक्रवारकर | रात्री १०.१८

नाही हो मॅडम. दोन मिनिटं बसलो, नाडी खाली आली, वर जाऊन दर्शन झालं, भजी पण खाल्ली.

भूलवाली | रात्री १०.२०

मग ठीक. तरी ४८ वर्षं आणि खुर्चीतला धंदा, एकदा बीपी आणि साखर बघून घ्या. भज्यांबद्दल काही बोलत नाही.

पहाटे_पाच | रात्री १०.५०

ॲलोपॅथीवाल्यांना श्वास म्हणजे फक्त वायू. आपल्याकडं दिवसाला २१,६०० श्वास हा हिशेब शेकडो वर्षांपासून आहे, अजपाजप त्यावरच उभा आहे. डाव्या नाकपुडीनं घेतलेला श्वास डाव्या फुप्फुसात जातो, उजवीचा उजव्यात. दीर्घ श्वास घेतला की रक्तातला ऑक्सिजन वाढतो. मी रोज पाऊण तास करतो, वय ६१, एक गोळी चालू नाही.

भूलवाली | रात्री ११.१०

काका, २१,६०० चा हिशेब मला फार आवडतो. मिनिटाला पंधरा, तासाला नऊशे, चोवीस तासांना बरोबर २१,६००. निवांत बसलेल्या माणसाचा श्वास आम्हीही बारा ते वीसमध्येच मोजतो. ज्यानं मोजलं त्यानं प्रामाणिकपणे मोजलं.

नाकपुडीचं मात्र तसं नाही. दोन्ही नाकपुड्या मागं घशात एक होतात, तिथून खाली एकच नळी. तिला पुढं फाटा फुटतो तोवर डावी-उजवी हवा केव्हाच मिसळलेली असते. पण एका वेळी एकच नाकपुडी जास्त मोकळी असते आणि काही तासांनी ती अदलाबदल होते, हे तुमच्या लोकांनी टिपलेलं खरं आहे. नाकाच्या आतल्या भिंतीवर शिंपल्यासारख्या वळकट्या आहेत, त्यांच्यातलं रक्त आलटूनपालटून एका बाजूला जास्त भरतं.

दीर्घ श्वासानं ऑक्सिजन वाढतो हे निरोगी माणसात जवळजवळ खोटं, कारण ९७ चं ९९ झालं तरी पदरात काय पडलं? संथ श्वासाचा फायदा दुसरीकडं आहे. आकडेमोडच करू. नाकापासून बारीक नळ्यांच्या टोकापर्यंतच्या वाटेत सुमारे १५० मिलिलिटर हवा नुसती ये-जा करते, रक्ताला तिचा उपयोग शून्य. वाटखर्चच म्हणा. आता एकानं मिनिटाला १२ श्वास घेतले, प्रत्येकी ५०० मिलिलिटर. एकूण सहा लिटर. दर श्वासाला १५० वजा, ३५० कामाला आले, म्हणजे ४,२०० मिलिलिटर. दुसऱ्यानं धापा टाकत २४ श्वास घेतले, प्रत्येकी २५०. एकूण तेच सहा लिटर. पण कामाला आले दर श्वासाला १००, म्हणजे २,४००. मेहनत दुप्पट आणि हातात जवळपास निम्मं.

पहाटे_पाच | रात्री ११.२५

हे कुणी आजवर असं सांगितलं नव्हतं. वाटखर्च हा शब्द उचलतो. नाकपुडीचा मुद्दा मात्र तूर्त राखून ठेवतो.

कट_जादा | रात्री ११.३१

राखून ठेवतो म्हणजे हरलो.

दोन_लेकरांची_आई | सोमवार, सकाळी ७.५०

त्या फाट्यावरून आठवलं. माझा धाकटा पावणेदोन वर्षांचा असताना घरात चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. त्यानं एक उचलून तोंडात टाकला, थोरल्यानं हसवलं, ठसका लागला, निळा-जांभळा झाला आणि मिनिटभरात बराही झाला. आम्ही विसरून गेलो. मग तीन आठवडे खोकला. एका ठिकाणी बालदमा म्हणाले, पंप दिला. दुसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी छाती दोन्हीकडून ऐकली आणि विचारलं, "हा कधी काही खाताना ठसकला होता का?" दुर्बीण घालून उजव्या बाजूनं अर्धा शेंगदाणा काढला. बाटलीत घालून दिला होता, माझ्या नवऱ्यानं तो अजून ठेवलाय.

ते डॉक्टर म्हणाले होते, उजवीकडेच सापडणार होता. का, ते तेव्हा विचारायच्या मनःस्थितीत नव्हते.

निवृत्त_प्रयोगशाळा | सकाळी ८.३०

मी सांगतो. बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं.

श्वासनलिका दहा-बारा सेंटिमीटर लांब. तिला कूर्चेची सोळा ते वीस कडी असतात, पण पूर्ण गोल नाहीत, मागं उघडी, घोड्याच्या नालासारखी. मागं अन्ननलिका चिकटून असते, मोठा घास उतरताना तिला फुगायला जागा हवी ना. छातीत गेल्यावर नळीला दोन फाटे. डाव्या बाजूला हृदय कलंडून बसलेलं, त्यामुळं डाव्या फाट्याला आडवं जावं लागतं, तो बारीक आणि लांब. उजवा फाटा रुंद, आखूड आणि जवळजवळ सरळ खाली. शेंगदाणा घसरणार तो सरळ वाटेनंच. हृदयाच्याच शेजारामुळं डावं फुप्फुस लहान, त्याला दोन खंड, उजव्याला तीन.

ठसका लागतो त्याचं कारणही तिथंच. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं आणि एपिग्लॉटिस नावाचं झाकण त्यावर पडतं. आवंढा गिळून गळ्यावर बोट ठेवा, कंठमणी वर जाऊन खाली येतो तो जाणवेल. त्या क्षणी श्वास थांबतो. हसताना, बोलताना खाल्लं की झाकणाचा मेळ चुकतो. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊच नये, कूट करून द्यावा.

आता शुक्रवारकरांच्या मुलासाठी. आठवीच्या पोराला चित्र दाखवून फुप्फुस कळत नाही. मी दरवर्षी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं फोपसं नळीसकट आणायचो. हातात घेतलं की पहिला धक्का म्हणजे वजनच नाही. पाण्याच्या बादलीत टाकायचो, ते तरंगायचं. काळीज शेजारी टाकलं की बुडायचं. मग नळीत रबरी पाइप घालून दोऱ्यानं आवळायचा आणि सायकलच्या पंपानं हळूहळू हवा भरायची. (तोंडानं फुंकू नये.) कोमेजलेला, काळपट तांबडा गोळा कडेकडेनं फुलायला लागतो, एक एक ठिगळ गुलाबी होत जातं आणि बघता बघता दुप्पट-तिप्पट. हवा सोडली की आपोआप बसतं. वर्गात त्या क्षणी जी शांतता व्हायची तशी मला हजेरी घेतानासुद्धा कधी मिळाली नाही.

मग सुरीनं एक तुकडा कापून दाखवायचो. पोरांना वाटतं आत फुग्यासारखी पोकळी असेल. असतो स्पंज. नळीला फाटा, फाट्याला फाटा, असे साधारण तेवीस वेळा फाटे फुटतात आणि टोकाला वायुकोश. माणसात तीस ते पन्नास कोटी. सगळे उलगडून पसरले तर सत्तरेक चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या कोर्टापेक्षा थोडं कमी. आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा.

एक कबुली देतो. बकऱ्यात उजव्या बाजूला मुख्य फाट्याच्या आधीच एक जादा फाटा निघतो, माणसात तो नसतो. पहिली पाच-सहा वर्षं मी तो माझ्या चुकीच्या कापाचा परिणाम समजत होतो.

जुना_लंगोट | सकाळी ८.५५

मास्तर, फोपसं भाजून मीठ लावून बी लई झ्याक लागतंय.

निवृत्त_प्रयोगशाळा | सकाळी ९.०१

प्रयोगानंतर शिपाई तेच करायचा.

भूलवाली | दुपारी २.१५

सर, तुमच्या प्रयोगात एक गोष्ट दडलेली आहे. हवा सोडल्यावर फोपसं बसलं, पण दुसऱ्यांदा भरायला पहिल्यापेक्षा कमी जोर लागायचा की नाही?

निवृत्त_प्रयोगशाळा | दुपारी २.४०

हो! पोरांना वाटायचं पंप सुधारला.

भूलवाली | दुपारी ३.३०

पहिल्यांदा चिकटलेले कोश उघडायला जोर लागतो. वायुकोश आतून ओले असतात, आणि ओल्या पृष्ठभागाला आक्रसून घ्यायची खोड. बुडबुडा जितका लहान तितकी ती जास्त. या हिशेबानं तुमचे-माझे सगळे वायुकोश दर श्वासाला मिटून चिकटायला हवेत. तसं होत नाही कारण कोशांच्या भिंतीतल्या काही पेशी साबणासारखा एक पदार्थ पाझरत असतात, सरफॅक्टंट. त्यानं तो ताण मोडतो.

बाळाच्या फुप्फुसात तो पुरेसा तयार होतो गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात, चौतीस-पस्तीस आठवड्यांच्या सुमारास. त्याआधी जन्मलेलं बाळ श्वास घेतं, कोश उघडतात, सोडताना चिकटतात. दुसरा श्वास म्हणजे पुन्हा पहिलाच श्वास. फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते, बाळ कण्हतं आणि थकतं. पूर्वी याचं नाव वेगळं होतं आणि उपाय नव्हता. एव्हरी आणि मीड यांनी १९५९ साली कारण शोधलं, की फुप्फुसात हा साबणच नाही. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं साडेपाच आठवडे आधी जन्मलेलं मूल याच आजारानं दोन दिवसांत गेलं. अध्यक्षाच्या घरातसुद्धा तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला सरफॅक्टंट बाळांच्या श्वासनलिकेत सोडला आणि त्यातली बहुतेक बाळं तगली. आज कोल्हापुरातल्या नवजात अतिदक्षता विभागातही तो चमचाभर पांढरा द्रव वापरतात.

पहिल्यांदा मी तो शिकाऊ असताना पाहिला. बाळ जेमतेम १,१०० ग्रॅमचं, माझ्या तळव्यापासून कोपरापर्यंत मावेल एवढं. औषध नळीतून गेलं आणि तासाभरात मशीनचा ऑक्सिजन एका मागून एक पायरी खाली आणत गेलो. मी आणि सिस्टर, दोघी आकड्याकडंच बघत होतो, बाळाकडं बघायचं सुचलंच नाही.

फौंड्रीतला | रात्री ८.१०

हे सगळं वाचतोय आणि वडलांची आठवण येत्ये. एमआयडीसीत मोल्डिंगला होते, सव्वीस वर्षं. वाळू चाळायची, साचा भरायचा, ओतकाम झाल्यावर साचा फोडायचा. फोडताना जी धूळ उडते ती दिसते कमी आणि शिरते जास्त. रात्री घरी आले की रुमालात नाक शिंकरायचे, काळं. म्हणायचे, "बघ, नाकानं अडवलंय सगळं." बिडी नाही, तंबाखू नाही. पन्नाशीत दोन जिने चढवेनात. एक्स-रेवर डाग निघाले, सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, फरक नाही. मग कळलं सिलिकोसिस, वाळूच्या धुळीचा आजार. कारखान्याचं नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग, आता तिथं मास्क देतात म्हणे.

प्रश्न एवढाच. नाकानं काळं अडवलं होतं ना? मग आत गेलं काय?

भूलवाली | रात्री ९.०५

दादा, वडील म्हणाले ते खरं होतं, पण अर्धंच. नाक मोठी धूळ अडवतं. त्याच्या खाली नळ्यांना आतून बारीक लव असते, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि वरचा चिकट थर घशाकडं ढकलत राहते, धुळीसकट. आपण तो नकळत गिळून टाकतो. बिडी-सिगारेट याच लवेला लुळी करते, म्हणून ओढणाऱ्याला सकाळी खोकून तिचं काम करावं लागतं.

पण वायुकोशात ही लव नाही. तिथपर्यंत पोचते ती डोळ्याला न दिसणारी, पाच मायक्रॉनच्या आतली धूळ. तुम्ही लिहिलंत ना, दिसते कमी आणि शिरते जास्त, ते अगदी तसंच आहे. तिथं सफाईला भटक्या पेशी असतात, कचरा गिळणाऱ्या. वाळूचा कण त्यांनी गिळला की त्यांना पचत नाही, त्याच मरतात, कण पुन्हा मोकळा, दुसरी पेशी येऊन गिळते. हे वर्षानुवर्षं. प्रत्येक वेळी थोडी सूज, थोडा व्रण. शेवटी मऊ स्पंजाच्या जागी गाठी. काम सोडलं तरी आत गेलेली वाळू तिथंच असते. टीबीशी घोटाळा होतो, आणि वाईट म्हणजे सिलिकोसिसवाल्याला खरोखरचा टीबीही लवकर गाठतो. साधा कापडी रुमाल या धुळीला अडवत नाही. तुमच्यापैकी कुणी अजून त्या कामावर असेल तर कणांसाठीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि साचा फोडताना पाणी मारून धूळ बसवावी लागते.

आणि तुमच्या वडलांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून चार पावलं चालवलं असतं तर आकडा खाली आला असता. शुक्रवारकरांचा आला नाही. हा फरक.

फौंड्रीतला | रात्री ९.२०

लावला होता. ८६ यायचा. ते आकडा बघून मशीनच उलटं ठेवायचे.

गुऱ्हाळ_चालू_आहे | रात्री ९.४५

दादा, वाईट वाटलं.

आमच्याकडं गुऱ्हाळावर चिपाडाचा ढीग असतो, पावसात भिजलेलं, आत बुरशी धरलेलं चिपाड उपसलं की दुसऱ्या दिवशी गड्याला ताप, खोकला, अंग मोडून. दोन दिवसांत बरा, पुन्हा उपसलं की पुन्हा. आम्ही म्हणायचो चुलवाणाचा धूर लागला. पुण्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की धूर नव्हे, बुरसटलेल्या चिपाडाची धूळ, आणि त्याला बगॅसोसिस असं चक्क आपल्या चिपाडाचंच नाव आहे. तेव्हापासून वाळकं चिपाड झाकून ठेवतो आणि ढिगाला हात लावायच्या आधी तोंड बांधायला लावतो.

विहीरबहाद्दर | मंगळवार, सकाळी १०.२०

दमाचा विषय निघालाय तर आमची ट्रिक. बुडी मारायच्या आधी पंधरा-वीस वेळा जोरजोरात श्वास घ्यायचा, मग विहिरीच्या तळाची माती आणून दाखवायची. मी दीड मिनिट राहतो. पोरांनी शिकून घ्या.

भूलवाली | सकाळी १०.३२

पोरांनी अजिबात शिकू नका. ओपीडी सोडून लिहितेय.

जोरजोरात श्वास घेऊन ऑक्सिजन जवळजवळ वाढत नाही. कमी होतो कार्बन डायऑक्साइड. वर लिहिलंय बघा, "श्वास घे" अशी घंटा तोच वायू वाजवतो. तुम्ही घंटेची दोरीच कापून खाली जाता. पाण्यात ऑक्सिजन संपत जातो, घंटा वाजत नाही, आणि काही न जाणवता शुद्ध जाते. पाण्याखाली शुद्ध गेलेला माणूस पुढचा श्वास पाण्यातच घेतो. चांगले पोहणारेच यात जातात, कच्चे लवकर वर येतात.

तसाच दुसरा फसवा प्रकार, बंद बाथरूममधला गॅस गिझर. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट धरतो. दम लागत नाही, नुसतं डोकं दुखतं, गरगरतं. आणि ऑक्सिमीटरला तो रंग ऑक्सिजनसारखाच दिसतो, तो खुशाल ९७-९८ दाखवतो. तेव्हा पोरानं लावलेल्या आकड्यावर अंधविश्वास नको.

विहीरबहाद्दर | सकाळी ११.०४

आमच्या वाडीत एक जण असाच गेला होता, सतरा वर्षांचा. पायात गोळा आला असेल म्हणाले होते सगळे. ट्रिक मागं घेतो.

शुक्रवारकर | गुरुवार, रात्री १०.१०

मंडळी, अहवाल.

काल बुधवार, मटणाच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, फोपसं नळीसकट पाहिजे, फोडू नका. दुकानदार म्हणाला, "कापल्यावर सांगताय व्हय." पण त्यानं मागचं एक काढून दिलं. बायकोनं स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही, गच्चीवर गेलो. बादली, पंप, दोरा, पोरगं आणि त्याचे तीन मित्र.

तरंगलं. पोरांनी उगाचच टाळ्या वाजवल्या. मग पंप. उजवी बाजू सरांनी लिहिल्यासारखीच गुलाबी होत फुलली, हातानं दाबलं तर चुरचुर असा आवाज, ओल्या फोमसारखा. डावी बाजू मात्र काही केल्या फुलेना. पोरगं जास्त जोरात मारायला लागलं. मग त्याच्या एका मित्रानं डाव्या बाजूला कान लावला आणि म्हणाला, "काका, पंक्चर आहे." बादलीत बुडवलं तर एका चिरेतून बुडबुडे. दुकानदाराची सुरी लागली होती.

पोराचा प्रश्न असा. आपल्या छातीला भोक पडलं तर असंच होतं का? आणि होत असेल तर तुम्ही फुप्फुसाला ठिगळ लावता का?

भूलवाली | रात्री १०.४०

असंच होतं, पण थोडं उलट. तुम्ही हवा आत ढकलत होतात. आपली छाती हवा ओढते. फुप्फुसाला स्वतःला ओढायचा स्नायू नाही. खाली श्वासपटल खाली सरकतं, फासळ्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात, आणि फुप्फुस त्यांच्यामागं फरफटत जातं. ते छातीला शिवलेलं नसतं. दोन ओल्या काचा एकमेकींना धरतात तसं फुप्फुसाचं आवरण छातीच्या आवरणाला धरून असतं, मध्ये नुसती द्रवाची ओल. भोक पडलं की त्या ओलीत हवा शिरते, पकड सुटते आणि फुप्फुस गच्चीवरच्या तुमच्या डाव्या बाजूसारखं गोळा होऊन बसतं.

ठिगळ बहुतेक वेळा लागत नाही. फासळ्यांमधून एक नळी आत घालायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली ठेवायचं. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, पाण्यामुळं परत जाऊ शकत नाही. चिर आपली आपण भरते. वॉर्डात सकाळी राऊंडला आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो, रात्री बाटलीत बुडबुडे आले का?

पोराला सांगा, कान लावणाऱ्या मित्राला घेऊन कधी भेटायला ये.

कट_जादा | रात्री १०.४४

आणि फोपशाचं पुढं काय झालं?

शुक्रवारकर | रात्री १०.५१

खाली पाणी आणायला गेलो तेवढ्यात शेजारच्यांच्या बोक्यानं नेलं. पाइपसकट.